व्रण अजून कामावर आहे

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारे गृहस्थ 34 वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी छाती उभी उघडून त्यांच्या हृदयाची झडप दुरुस्त केली. हृदय ठणठणीत आहे, तपासण्या चांगल्या येताहेत. तक्रार व्रणाची आहे. पहिले दोन महिने तिथे नुसती बारीक रेघ होती. तिसऱ्या महिन्यापासून ती लाल आणि जाड होत गेली, आता दोरी ठेवल्यासारखी वर आली आहे. खालच्या टोकाला एक गाठ आडवी सरकल्यासारखी वाटते. रात्री खाज सुटते, झोप मोडते. रोज पोहायला जायचे, ते बंद केलं. पाच वर्षांची मुलगी छातीवर डोकं ठेवून झोपायची, तीही आता 'दुखेल ना बाबा' म्हणून बाजूला सरकते. सर्जननी टाके नीट घातले नाहीत, असा त्यांना संशय आहे. मित्राने दिलेलं मलम आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलमधलं तेल लावून झालं. एका केंद्राने सांगितलं, 'कापून पुन्हा बारीक शिवू, पंधरा दिवसांत विषय संपेल.' आई म्हणते, जीव वाचला ते बघ, पुरुषाला व्रणाचं एवढं काय? आता कापून घ्यावं की गप्प बसावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर त्या 'पंधरा दिवसांत' वर अडकली आणि, खरं सांगते, रागच आला. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य सापडलं : पहिले दोन महिने तिथे नुसती बारीक रेघ होती. अख्ख्या पत्रात माझ्या सगळ्यात कामाचं वाक्य हेच.

टाके वाकडेतिकडे पडले असते, तर व्रण पहिल्या महिन्यापासूनच रुंद, ओबडधोबड दिसला असता. तुमचा तसा नव्हता. म्हणजे शिवण चांगली होती. जे बिघडलं ते नंतर, कातडीच्या आत. सर्जनवरचा राग आधी बाजूला ठेवा असं म्हणते ते त्यांची बाजू घ्यायची म्हणून नाही. दोष शिवणीचा मानला की उपायही 'उसवून पुन्हा शिवू' हाच सुचतो, आणि तुमच्या बाबतीत नेमका तोच उपाय धोक्याचा आहे.

जखम भरते कशी, ते थोडक्यात. पहिले काही दिवस साफसफाई चालते, तेव्हा सूज असते. पुढचे काही आठवडे भर घालण्याचे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे शरीर भराभर, जसे जमतील तसे रचत जातं. शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल : आधी धावदोरा घालून कापड जागच्या जागी धरायचं, पक्की शिवण मागाहून सावकाश मारायची. ती मागाहूनची शिवण कातडीत वर्षभर, कधी दीड वर्ष, कधी त्याहून जास्त चालते. कच्चे धागे निघतात, त्या जागी जाड, मजबूत धागे ताणाच्या दिशेने बसतात. तरी मूळ कातडीची पूर्ण ताकद व्रणाला कधीच येत नाही, फार तर 80 टक्क्यांच्या आसपास. आठव्या महिन्यात तुमचा व्रण या कामाच्या ऐन मध्यावर आहे. त्याला 'शेवटी हे असं झालं' म्हणायची वेळ अजून आलेली नाही.

तुमच्या छातीवर झालं असं, की धावदोरा घालणाऱ्या पेशी थांबायलाच तयार नाहीत. त्याला मोठं कारण आहे ताण. कार्ल लँगर या ऑस्ट्रियन शरीररचनातज्ज्ञांनी 1861 मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडून पाहिली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि शरीराच्या प्रत्येक भागात ठरावीक दिशेने लांबट झाली. कातडी त्या त्या दिशेने कायम ताणलेली असते. या रेषांच्या बाजूने छेद घेतला तर व्रण सहसा बारीक राहतो, रेषांना काटकोनात छेद गेला तर ताण जखमेच्या दोन्ही कडा ओढत राहतो. छातीच्या मध्यावर हा ताण बराचसा आडवा, आणि हृदयापर्यंत पोचायचं तर छेद उभा. सर्जनच्या हाती निवड नव्हती. त्यात छाती स्वस्थ म्हणून बसत नाही. श्वास, खोकला, दंड वर उचलणं, कुशीवर वळणं, प्रत्येक वेळी त्या रेघेला हिसका बसतो. म्हणूनच छातीचं मधलं हाड, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कानाची पाळी या जागा व्रण फुगण्याच्या आमच्या यादीत वरच असतात. कानाच्या पाळीला ताण कसला, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, ताण हे एकमेव कारण नाही. घराण्यातून येणारी प्रवृत्ती असते, वय असतं (दहा ते तीस या वर्षांत हे जास्त दिसतं) आणि सावळ्या-काळ्या कातडीत प्रमाण जास्त असतं.

आता लाल रंगाबद्दल. लाल म्हणजे कच्चं, कच्चं म्हणजे आत काहीतरी सडतंय, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळींच्या मधे आहे. एक करून बघा. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या, शाळेत मोजायला असते ती, आणि व्रणावर हलकेच दाबून धरा. पट्टीखाली रंग फिका पडेल, उचलली की दोन-तीन सेकंदांत लाली परत येईल. ते रक्त आहे, नव्या बारीक वाहिन्यांमधलं. काम चालू असलेल्या जागेला रसद जास्त लागते. काम आवरलं की या वाहिन्या हळूहळू मिटतात आणि रंग उतरतो. पुष्कळांचा वर्षभरात उतरतो, काहींना जास्त वेळ लागतो. सावळ्या कातडीवर हीच लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे 'माझा व्रण लाल नाही, काळा पडलाय' म्हणणाऱ्यांनीही ही पट्टी दाबून बघावी.

मात्र लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर ही चर्चा बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुमच्यासारख्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं : खोकताना किंवा वळताना छातीच्या हाडात कट्ट असं काही जाणवलं, किंवा कातडीखाली, ते हाड ज्या तारेने बांधलंय तिचं टोक बोचू लागलं, तर थेट सर्जनकडे. तिथे त्वचेचा डॉक्टर काही कामाचा नाही.

वर आलेले व्रण दोन जातीचे असतात, आणि पुढचं सगळं यावर ठरतं. पहिला हायपरट्रॉफिक. नाव अवघड आहे, स्वभाव त्या मानाने साधा. महिना-दोन महिन्यांत फुगू लागतो, काही महिने वाढतो, लाल होतो, खाजतो, पण मूळ छेदाची हद्द ओलांडत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा आपणहून बसतो. दुसरा केलॉइड. याला हद्द ठाऊक नाही, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर तो पसरतो. कधी जखमेनंतर वर्षभराने उगवतो आणि आपणहून सहसा जात नाही. खेकड्याच्या नांगीवरून त्याला हे नाव पडलं, ग्रीक शब्दापासून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना नाव पटेल, कडेने खरंच नांग्या फुटल्यासारखा दिसतो.

तुमची दोरी पहिल्या जातीची वाटते. खालच्या टोकाची आडवी गाठ मात्र मला खटकते. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करणार नाही, पण ती गाठ त्वचारोगतज्ज्ञांनी हाताने चाचपून पाहायला हवी, आणि ती या महिन्यात.

तोवर घरी एक काम. कपड्यांच्या वेष्टनाचा वगैरे पारदर्शक कागद घ्या, व्रणावर अलगद ठेवा आणि कडेने कायमच्या शाईच्या पेनाने बाह्यरेषा काढा. कोपऱ्यात तारीख घाला. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून जवळचा एखादा तीळ आणि गळ्याखालची खोबण त्यावर खूण करून ठेवा. महिन्यातून एकदा, बस. रोज आरशात पाहून 'वाढला का, उतरला का' ठरवता येत नाही, मूड बदलला की व्रण बदलल्यासारखा वाटतो. फोटोही काढा, पण त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, शेजारी मोजपट्टी धरून.

आता कापण्याचं. माझ्या डाव्या खांद्यावर लहानपणच्या लशीच्या जागी एक केलॉइड आहे. शिकत असताना मी तो हट्टाने काढून घेतला. काढणाऱ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. दोन महिने खांदा सुरेख दिसला, वर्ष संपायच्या आत पाहुणा परत आला, आणि येताना दुप्पट होऊन आला. माझं नशीब वाईट होतं असंही नाही. केलॉइड नुसता कापला आणि सोबत दुसरे उपचार केले नाहीत, तर तो परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत 45 टक्क्यांपासून जवळजवळ 100 टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे. कापायचाच असेल तर पाठोपाठ इंजेक्शनं किंवा पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होणारे किरणोपचार अशी तयारी आधी करून मग कापतात. छातीवर, हृदयाच्या समोर, चौतिसाव्या वर्षी किरणोपचार हा विचार कोणी सहज करणार नाही.

आणि समजा तो केलॉइड नाही, साधा फुगलेला व्रण आहे. तरी पुन्हा शिवल्यावर छाती तीच, ताण तोच, श्वासही तेवढेच. मग निकाल वेगळा का लागावा? पहिल्या वेळी जंतुसंसर्ग झाला होता, टाके सुटून जखम उघडी पडली होती किंवा सांध्यावरचा व्रण आखडून हात सरळ होत नाही, अशांना पुन्हा शस्त्रक्रियेचा फायदा होतो, कारण बिघाडाचं कारण पुन्हा येत नाही किंवा ओढ मोकळी करता येते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. शिवाय घाई नसेल तर व्रण पिकायला निदान वर्ष द्यावं, असा साधारण संकेत आहे. पंधरा दिवस हा टाके काढण्याचा हिशोब झाला. व्रणाचा हिशोब महिन्यांत होतो.

मग करायचं काय? कंटाळवाणं उत्तर आधी देते : सिलिकॉन. जेल किंवा चिकटणारी पट्टी, दोन्ही चालतात. जखम पूर्ण भरल्यावरच लावायचं, तुमची कधीच भरली आहे. पट्टी दिवसातले किमान बारा तास अंगावर हवी, आणि किमान दोन-तीन महिने. इथेच बहुतेक जण हरतात, तीन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून सोडून देतात. ती काम करते ती बहुधा कातडीतला ओलावा धरून ठेवून. पाणी उडणं कमी झालं की खालच्या पेशींची लगबग मंदावते. पुरावा अगदी भक्कम आहे असं मी म्हणणार नाही, पण धोका नगण्य आहे आणि खाज तर बऱ्याच जणांची कमी होते.

छातीवर केस असतात, हे पाकिटावरच्या सूचना लिहिणाऱ्यांच्या ध्यानात नसावं. पट्टी केसांवर बसत नाही, आणि बसलीच तर निघताना अश्रू काढते. केस कात्रीने बारीक कापा. वस्तरा फिरवू नका, कारण त्याने केस आत वळून पुळ्या येतात आणि प्रत्येक पुळी व्रणाला नवं निमित्त देते. पट्टी रोज साबणपाण्याने धुवा, कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा, मगच परत लावा. घामाने पुरळ आलं तर दोन दिवस सुट्टी द्या आणि मग कमी तासांनी सुरुवात करा. जेल लावणार असाल तर अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, आणि वाळेपर्यंत चार-पाच मिनिटं सदरा घालायचा नाही. जाड थर म्हणजे जास्त गुण नव्हे, फक्त सदऱ्याला जास्त चिकटणार.

पट्टी नसेल तेव्हा कागदी चिकटपट्टी, ड्रेसिंगला वापरतात ती, आडवी लावली तर कडांवरचा ताण थोडा कमी होतो. व्रण कोवळा असतानाच हा उपाय सुरू केला तर जास्त उपयोगी. नुकतंच ऑपरेशन झालेल्या वाचकांनी टाके निघाल्यावर आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. मालिशही करा, बोटाच्या पेऱ्याने हळू, गोल, पाच-दहा मिनिटं. त्याने व्रण सपाट होईल असं वचन देत नाही, मऊ होतो आणि बरं वाटतं. त्या आडव्या गाठीला मात्र चोळू नका.

खालच्या गाठीसाठी, आणि सिलिकॉनने भागलं नाही तर वरच्या दोरीसाठीही, पुढची पायरी म्हणजे स्टेरॉईडचं इंजेक्शन. औषधाचं नाव ट्रायमसिनोलोन. ते व्रणाच्या आतच द्यावं लागतं, आणि घट्ट व्रणात औषध शिरायला तयार नसतं, म्हणून दुखतं. आधी बधिर करायला सांगा, त्यात कमीपणा नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा, कधी जास्त. सहसा खाज आधी जाते, उंची मागाहून उतरते. जास्त झालं तर जागा पांढुरकी पडते, खड्डा पडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, म्हणून डॉक्टर थोडंथोडं देतात आणि आपणही घाई करायची नाही. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वर जाऊ शकते. आणि तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर सुई टोचण्याआधी ते सांगायचं, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. छातीवरची रेघ त्या गोळीपेक्षा मोठी नाही.

लेझरबद्दल विचारणारी पत्रं सगळ्यात जास्त येतात. लालीसाठी पल्स्ड डाय लेझर वापरतात, त्याचा प्रकाश (585 किंवा 595 नॅनोमीटरचा) रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं आणि जास्तीच्या वाहिन्या मिटतात. खडबडीतपणासाठी वेगळे लेझर आहेत. चांगलं साधन आहे, पण कातडीतलं रंगद्रव्यही तो प्रकाश शोषतं, त्यामुळे सावळ्या माणसाच्या अंगावर डाग राहू शकतो. आधी छोट्या जागी करून महिनाभर पाहू, असं जे म्हणत नाहीत, त्यांच्याकडे जाऊ नका. तुमच्या लालीला अजून स्वतःहून उतरायला वाव आहे, तेव्हा हा खर्च आत्ता मी करणार नाही.

मित्राचं मलम बंद करा. नळीवर नाव लिहिलेलं नाहीये पत्रात, पण अशा फिरत्या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक यांची खिचडी असते. जाड व्रणात ती शिरत नाही, भोवतालची चांगली कातडी मात्र पातळ करते. व्हिटॅमिन ईचं तेलही ठेवून द्या. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पंधरा रुग्णांच्या व्रणाच्या एका भागावर ते आणि दुसऱ्यावर साधं मलम लावून पाहिलं होतं. फायदा झाला नाही, आणि सुमारे एक तृतीयांश जणांना उलट पुरळ उठलं. खाजेसाठी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि गार ओलं फडकं बरं. खाजवायची ऊर्मी आली की नखं लावण्याऐवजी तळवा दाबून धरा. झोप मोडतच राहिली तर डॉक्टरांना खाज कमी करणारी गोळी मागा.

आता आईचं बोलणं. त्यांनी तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर जाताना पाहिलंय, त्यांच्या हिशोबात तुम्ही परत आलात तिथे गणित सुटलं. त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्यांचं वाक्य स्वतःवर लादूनही घेऊ नका. व्रण मोजायची एक जुनी पद्धत 1990 मध्ये आली, तिच्यात रंग, उंची, लवचीकपणा वगैरे सगळं डॉक्टरने पाहून ठरवायचं. पेशंटला काय वाटतं, हा रकानाच नव्हता. 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नवी पद्धत मांडली आणि तिच्यात पेशंटसाठी स्वतंत्र प्रश्न घातले. त्यातले पहिले दोन, दुखतं का आणि खाजतं का. ज्यांचं रोजचं काम व्रण पाहणं, त्यांनाच तुमचा प्रश्न किरकोळ वाटत नाही. झोप मोडते, पोहणं सुटलं, हे नखरे नव्हेत.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. सिझेरियनच्या व्रणात गाठ असेल आणि ती पाळीच्या दिवसांत दुखत असेल, तर तिला केलॉइड समजून मलम लावत बसू नका. गर्भाशयाच्या अस्तराची ऊती तिथे रुजलेली असू शकते, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ज्यांना एकदा केलॉइड झालाय, त्यांनी पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी ते सर्जनना सांगावं. हौसेचं टोचणं-गोंदणं टाळावं.

पोहायला जा. आठ महिन्यांच्या बंद व्रणाला पाण्याने काही होत नाही. पट्टी घरी काढून ठेवा, उघड्यावरचा तलाव असेल तर किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन लावा, कारण कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. लोक पहिल्या दिवशी बघतील. दुसऱ्या दिवशी निम्मे बघतील.

मुलीला दुखत नाही हे सांगून पटणार नाही, तिचं बोट धरून त्या दोरीवर ठेवा. आणि महिन्याचा तो पारदर्शक कागद काढायचा असेल तेव्हा पेन तुम्ही धरा, कोपऱ्यातली तारीख तिला घालू दे. आकडे उलटेसुलटे आले तरी चालतील, आपल्याला वाचता येतील. तीन कागद झाले की एकावर एक ठेवून उजेडात धरा आणि खालच्या टोकाची रेषा बाहेर सरकली की जागीच आहे, तेवढं मला कळवा.